वर्षाचा गेम आणि आप्पांचा वापसा

गेम संपतात आणि किस्से साठतात. हार्ड डिस्क भरली की जुना गेम उडवून जागा करता येते, किश्श्यांचं तसं नसतं. ते एकावर एक चढत बसतात आणि कोणी चहाला बसलं की एकाला धक्का लागून सगळेच खाली येतात. परवा ऑफिसात शिल्पानं सहज विचारलं, "पंकज, तुझा या वर्षीचा फेव्हरेट गेम कोणता?" मी बोलायला लागलो. जेवणाची सुट्टी संपली, डबे धुऊन झाले, तरी गेमचं नाव काही सांगून झालं नाही!

तर आम्ही तिघं. मी, ज्ञाना आणि सलीम. तिघंही चाळिशीला टेकलेले. मी नोकरदार, ज्ञाना शेंद्र्याला कंपनीत सुपरवायझर आणि सलीमचं छावणीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान. शाळेपासूनची दोस्ती. रविवारी सकाळी नाश्ता झाला की मुकुंदवाडीला ज्ञानाच्या घरी वरच्या खोलीत जमायचं आणि दुपारच्या जेवणापर्यंत खेळायचं, हा नियम. गेमची खरी नावं आम्ही कधीच घेत नाही. ट्रकवाला, भुताचा, किचनवाला, शेतीवाला. दुकानात असं मागितलं तर कोणी देणार नाही, पण आमचं भागतं.

वर्षअखेरीला आम्ही एका गेमला नारळ देतो. म्हणजे तिघांचं एकमत झालं की त्या गेमच्या नावानं नारळ फोडायचा. पहिल्या वर्षी टीव्हीसमोरच फोडला, पाणी प्लगात गेलं आणि फ्यूज उडाला. तेव्हापासून गॅलरीत फोडतो. या वर्षी नारळ शेतीवाल्याला मिळाला. एरवी आमचं इतकं वाजतं की खालून वैशाली वहिनी, म्हणजे ज्ञानाची बायको, वर येऊन भांडण सोडवते. यंदा कोणी हूं का चूं केलं नाही.

का, ते सांगायचं तर आधी आप्पांचं सांगायला हवं.

आप्पा म्हणजे ज्ञानाचे वडील. करमाडला त्यांची शेती होती. कारखाने वाढत वाढत आले, शेजारच्या सगळ्यांनी जमिनी दिल्या, आणि मधोमध एकटं किती दिवस बसणार म्हणून ज्ञानानं आप्पांना पटवून सही घेतली. आप्पांनी सही केली, कपड्याची पिशवी उचलली आणि मुकुंदवाडीला पोराकडे राहायला आले. भांडण नाही, आदळआपट नाही. फक्त त्या दिवसापासून ते ज्ञानाशी बोलायचे बंद झाले. याला दोन वर्षं झाली.

बोलायचं असलं तर तिसऱ्याला सांगायचे. "पंक्या, त्याला सांग, लाईट बिल आलंय म्हणावं." ज्ञाना समोरच बसलेला! मी सांगायचो, "ज्ञाना, लाईट बिल आलंय." ज्ञाना म्हणायचा, "आप्पांना सांग, भरलं." मी परत आप्पांकडे वळायचो. सलीम म्हणायचा, "अपन दोस्त नै रे, बीच का वायर है अपन."

हसायचो आम्ही. पण एकदा गाडीवरून मला सोडायला आला तेव्हा ज्ञाना जालना रोडवर गाडी बाजूला घेऊन म्हणाला होता, "शिव्या दिल्या असत्या ना पंक्या, तर बरं वाटलं असतं." पुढे गेमबिम ठीक आहे, पण आमच्या रविवारचं खरं काम हे होतं की आप्पांनी ज्ञानाशी एकदा तरी सरळ बोलावं.

*

वर्षाची सुरुवात ट्रकवाल्यानं झाली. माल भरायचा, शेकडो मैल चालवायचा, उतरवायचा. बस्स. त्यात ना गोळ्या ना मारामारी. मला वाटलं सलीम पाच मिनिटांत कंटाळेल. हा माणूस खऱ्या आयुष्यात सिग्नलला थांबला तर मागचे लोक गाडी बंद पडली का म्हणून विचारतात.

पण गेममध्ये बघतो तर काय! रस्त्यावर चिटपाखरू नाही, लाल दिवा, आणि सलीम थांबलेला. इंडिकेटर देऊन वळतोय. बायपासला लेन बदलताना आरशात बघतोय.

ज्ञाना म्हणाला, "सल्या, अरे हा तूच आहेस ना?"

"हौ बावा," सलीम गंभीरपणे म्हणाला, "ये ट्रक मेरा नै ना, सेठ का है!"

*

मग भुताचा. हा आम्ही भर सकाळी, खिडक्या सताड उघड्या ठेवून, खालच्या भाजीवाल्याचा आवाज येत असताना खेळलो. तिघंही बाप माणसं, तरी दाराकडे पाठ करून बसायला कोणी तयार नव्हतं.

पडक्या घरात पांढऱ्या साडीतली बाई येते आणि किंचाळते, एवढीच गोष्ट. ती किंचाळली की सलीम कंट्रोलर माझ्या मांडीवर टाकायचा, मी ज्ञानाच्या. ज्ञानाला पुढे टाकायला कोणी नव्हतं, म्हणून तो डोळे मिटून बटणं दाबायचा.

एकदा ती बाई किंचाळली आणि त्याच क्षणी माझ्या खांद्यावर एक हात पडला. मी जो ओरडलो तो भाजीवाल्यानं वर मान करून विचारलं, "काय झालं हो?" आप्पा होते! चष्मा शोधत आले होते. ते चष्मा घालून टीव्हीसमोर उभे राहिले आणि बराच वेळ त्या बाईकडे बघत राहिले.

"पंक्या, ही कधीची वरडती?"

"अर्धा तास झाला आप्पा."

"आन् तुमी तिघं पळतच सुटलाव. कुणी इचारलं का तिला, बाई काय पायजे म्हणून?"

त्यानंतर तो गेम आम्हाला भीतीदायक वाटेचना. पैसे पाण्यात गेले.

*

उन्हाळ्यात किचनवाला आला. चार जणांनी मिळून हॉटेलचं स्वयंपाकघर चालवायचं. ऑर्डरी येत राहतात, एकानं चिरायचं, एकानं तळायचं, एकानं भांडी धुवायची, आणि वेळ संपायच्या आत ताट गेलं पाहिजे. चौथा गडी म्हणून वहिनीला बसवलं.

पहिल्या डावात आम्ही तिघांनी मिळून हॉटेल पेटवलं. ज्ञाना आग विझवायला धावला तर वाटेत सलीमला धडकून दोघंही कोपऱ्यात अडकले. मी एकच ताट चार वेळा धुतलं. वहिनी तेवढी शांत होती. तिनं भात लावला, तो होईपर्यंत भाजी चिरली, मध्येच ज्ञानाला बाजूला ढकललं, दोन ताटं पाठवली आणि वर आमच्यावर ओरडलीसुद्धा नाही. तीन तारे मिळाले.

ज्ञाना घाम पुसत म्हणाला, "कसला भारी गेम आहे यार! डोकं बधिर झालं!"

वहिनीनं कंट्रोलर खाली ठेवला. "व्हय का? माझी रोजची सकाळ तुमी पैशे देऊन इकत आणली?"

ती जेवण वाढायला खाली गेली. त्या रविवारी ताटं आम्ही तिघांनी धुतली, आणि या खेपेला खरी.

*

आता जरा मागचं. आम्ही शाळेत असताना मुकुंदवाडीला, जिथे ज्ञाना शिकायला आत्याकडे राहायचा, स्टेशनच्या रस्त्यावर एक गेम पार्लर होतं. पत्र्याची खोली, चार टीव्ही आणि एक मालक, ज्याला सगळं गाव मामू म्हणायचं. तिथे आमचा एक लाडका गेम होता. एक भिडू जंगलातून, गुहेतून, बर्फातून मजल दरमजल करत किल्ल्यापर्यंत जातो. सेव्ह करायची सोय नव्हती. दर वेळी पहिल्या लेव्हलपासून सुरू. आणि किल्ल्याचं दार दिसलं, की लोडशेडिंग!

दर वेळी. देवाशप्पथ दर वेळी! मामू काडेपेटी शोधत अंधारातून म्हणायचा, "कल आना बच्चो, किला कहीं नै जाता." आम्ही तिघं सायकली हातात धरून चालत घरी जायचो आणि दाराच्या आत काय असेल यावर वाद घालायचो. सलीम म्हणायचा खजिना. ज्ञाना म्हणायचा राजा, आणि तो राजा म्हणजे भिडूचा बापच निघणार. माझं म्हणणं होतं, आत आणखी एक किल्ला.

मामूचं पार्लर बंद झालं. मामू गेला. तिथे आता मेडिकल आहे. आम्ही शिकलो, नोकऱ्या केल्या, लग्नं केली, आणि ते दार बंदच राहिलं.

या पावसाळ्यात तोच गेम नव्या रूपात बाजारात आला. चित्रं चकचकीत, पण वळणं तीच. आमची बोटं म्हातारी झालीत, तरी कुठे उडी मारायची ते त्यांना पाठ होतं. किल्ल्याशी पोचलो तेव्हा सलीमनं आधी पंख्याकडे बघितलं. चालू होता. दार उघडलं. आत एक रिकामा चौक, एक कारंजं, आणि "अभिनंदन" अशी पाटी. संपलं!

सलीम म्हणाला, "इसके वास्ते?"

मला खरंच वाईट वाटत होतं. दार बंद होतं तेव्हा आत केवढं काय काय होतं! मग ज्ञानानं न विचारता पहिल्यापासून गेम सुरू केला. किल्ल्याचं दार दिसलं तसा सलीम उठला, त्यानं खिडक्या ओढून घेतल्या आणि मेन स्विच बंद केला. आम्ही तिघं अंधाऱ्या खोलीत जोरजोरात ओरडलो, "ओ मामू!"

*

शेतीवाला मी आणला. खरं सांगतो, काही मनात धरून आणला नव्हता, सेलमध्ये होता म्हणून आणला. आमचं घराणं कारकुनांचं, पिढ्यान् पिढ्या कोणी नांगर धरला नाही. मला वाटलं चला, इथे तरी धरू.

आप्पांची खुर्ची त्याच खोलीत खिडकीशी असायची, टीव्हीकडे पाठ करून. गेममधला ट्रॅक्टर सुरू झाला, डुगडुगडुग, आणि मला मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोणी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर आप्पा लाजले असते.

दुसऱ्या रविवारी ते म्हणाले, "पंक्या, दे तो हांडल."

तर पेरणीची वेळ. स्क्रीनवर पाऊस पडून गेलेला. आम्ही म्हणालो, आप्पा, पेरा. आप्पा ट्रॅक्टर घेऊन शेताच्या कडेला जाऊन थांबले. पुढे जाईनात.

"काय झालं?"

"वापसा नाय."

पाऊस पडला की लगेच पेरायचं नसतं, जमिनीतला चिखल जाऊन नुसती ओल राहिली पाहिजे, तो वापसा, आणि त्याआधी शेतात चाक घातलं तर माती दबते, हे सगळं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी त्यांना समजावून सांगितलं की गेममध्ये वापसा नसतो. त्यांना ते पटलं नाही. वापसा नसलेली जमीन कुठे असते का? आम्ही बांधावर थांबलो. गेममध्ये ऊन पडलं, सावल्या लांबल्या, महिना बदलला. आप्पा माती बघत होते. तिचा रंग काही बदलेना, कारण तो बदलणारच नव्हता. शेवटी पेरणीचा हंगाम संपल्याची पाटी आली आणि शेत पडीक राहिलं.

सलीम कपाळाला हात लावून म्हणाला, "चचा के वापसे में पूरा साल गया!"

आप्पा शांतपणे म्हणाले, "जाऊ दे. जमिनीला इसावा झाला."

*

पुढे आप्पा शिकले. वापसा नाही हे कबूल केलं नाही, पण नाक मुरडून पेरायला लागले. मग ज्ञानानं दुसरा कंट्रोलर घेतला. बाप आणि लेक एकाच शेतात, दोन ट्रॅक्टरवर. आणि बोलणं? ते आमच्यामार्फतच!

"सलीम, त्याला सांग, पुढं नदी हाय."

सलीम इमरती खात होता. त्यानं घास संपवला, बोटं चाटली आणि म्हणाला, "ज्ञाना, आप्पा बोलरे आगे नदी है."

तोवर ज्ञानाचा ट्रॅक्टर, नांगर आणि बियाण्याची पोती, सगळं नदीत!

ज्ञाना म्हणाला, "आप्पांना सांग, कळलं."

*

पोळ्याच्या आदल्या रविवारची गोष्ट तर वहिनी सगळ्या नातेवाइकांना सांगते. आप्पा सकाळीच येऊन बसले, गेममधला ट्रॅक्टर धुण्याच्या जागेवर नेला आणि पाण्याच्या पाइपनं धुवायला लागले. चाकं धुतली, बॉनेट धुतलं, खालून धुतला. मग गोठ्यासमोर लिंबाच्या सावलीत नेऊन उभा केला आणि कंट्रोलर खाली ठेवला.

मी म्हणालो, "आप्पा, गहू कापायला आलाय."

"आज जुंपायचं नाय."

"पण पोळा तर पुढच्या आठवड्यात आहे!"

"तवा तुमी कुठं येणार हाव? तुमाला रविवारीच सुट्टी."

वहिनीनं खरोखर पुरणपोळी केली. आम्ही चौघं त्या उभ्या ट्रॅक्टरकडे बघत पुरणपोळ्या खात बसलो. स्क्रीनवर काहीही घडत नव्हतं. वारा सुटला की लिंबाची पानं तेवढी हलायची. ज्ञाना मध्येच उठून गॅलरीत गेला. करमाडला पोळ्याला बैलांची शिंगं तोच रंगवायचा, लहानपणी. मी एकदा गेलो होतो त्यांच्याकडे, माझ्या शर्टावर शिंगांचा लाल हिंगूळ सांडला होता, तो डाग शेवटपर्यंत गेला नाही. त्या दिवशी मला वाटलं, आज आप्पा हाक मारतील. आप्पांनी पानातली शेवटची पोळी निम्मी केली आणि म्हणाले, "पंक्या, त्याला सांग, गार होतीय म्हणावं." मी गॅलरीत जाऊन सांगितलं.

*

आणि आता हा शेवटचा किस्सा.

दिवाळी होऊन गेली होती, थंडी पडायला लागली होती. सलीम भाचीच्या लग्नाला जालन्याला गेलेला. खोलीत आप्पा, ज्ञाना आणि मी. गेममध्ये आप्पांचा गहू उभा, असा पिवळा झालेला की चित्र असूनही हात फिरवावासा वाटावा. आप्पा एका टोकानं हार्वेस्टर चालवत होते. ज्ञाना रिकामी ट्रॉली घेऊन रस्त्यानं येत होता. रस्ता शेताला वळसा घालून जातो. आणि ज्ञानाला तेवढ्यात फोन आला, कंपनीतून. मान वाकडी करून, फोन खांद्याशी धरून तो बोलायला लागला.

वहिनीनं गरम भजी आणून ठेवली. मी एक तोंडात टाकलं. वाफाळतं, आणि आत अख्खी मिरची!

आप्पा म्हणाले, "पंक्या, त्याला सांग, वळून घे म्हणावं."

माझ्या डोळ्यांतून पाणी. मी हातानं खूण केली, थांबा, थांबा.

"पंक्या!"

मी तोंड उघडलं, नुसती वाफ आली. स्क्रीनवर ज्ञानाची ट्रॉली रस्ता सोडून सरळ निघाली होती. ज्ञाना फोनवर म्हणत होता, हो सर, पाठवतो सर. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. दाराकडे बघितलं. वहिनी खाली गेलेली. पुढचं चाक गव्हात शिरलं, आणि पिकाची एक ओळ आडवी झाली.

"ज्ञान्या!"

खालच्या भाजीवाल्यानं पुन्हा वर बघितलं असेल.

"ज्ञान्या! उभ्या पिकात चाक घालतो व्हय रं? डोळं फुटले का तुजे? कापायला आलेला गहू हाय त्यो! कुणी शिकवलं तुला, आँ? कुणाचा पोरगा हायेस तू?"

ज्ञानाचा फोन खांद्यावरून खाली पडला. त्यातून साहेब हॅलो हॅलो करत होते. वहिनी जिन्यात येऊन थांबली होती. आप्पा हातातल्या कंट्रोलरकडे बघत होते, कान लाल झालेले. माझ्या तोंडात मिरची तशीच होती, मी ती गिळली.

ज्ञानानं फोन उचलला आणि बंद केला. मग ट्रॉली मागे घेतली, सावकाश, गव्हाबाहेर, पार रस्त्यावर. तिथे थांबला. त्यानं शर्टाच्या बाहीला डोळे पुसले, आप्पांकडे बघितलं, आणि गाडी मुद्दाम परत उभ्या गव्हात घातली.